रस्त्याखालून जाणारी वायुवाहिनी : प्रस्तावना

नैसर्गिक वायू वाहून नेणारी पोलादी वाहिनी शेकडो किलोमीटर शेतांमधून, माळांवरून आणि नदीनाल्यांच्या काठाने जमिनीखाली जात असते, आणि या सगळ्या प्रवासात तिच्या माथ्यावर माती, पिके व अधूनमधून एखादा ट्रॅक्टर याखेरीज फारसे काही नसते. परंतु जेथे ती रस्ता ओलांडते तेथील मोजक्या मीटरांच्या पट्ट्यात तिची सगळी परिस्थिती पालटते. वरून दिवसरात्र अवजड वाहने जातात, डांबराचा किंवा काँक्रीटचा थर जमिनीचा श्वास कोंडून धरतो, दोन्ही कडांना गटारे व केबलींचे चर येतात, आणि वाहिनीची मालकी ज्या संस्थेकडे असते तिच्या हाती नसलेली जमीन वाहिनीच्या डोक्यावर असते. या पट्ट्याला व्यवसायात ‘क्रॉसिंग’ म्हणतात आणि त्याचा आराखडा उरलेल्या वाहिनीपासून वेगळा काढून स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत जगभर रूढ झालेली आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हाच पट्टा आहे, आणि ग्रंथाची मुख्य भूमिका आरंभीच सांगणे योग्य ठरेल: चाकांच्या वजनाखाली पोलादी नळ टिकेल की नाही हा प्रश्न शंभर वर्षांच्या संशोधनाने बव्हंशी सोडवलेला आहे, ज्याचे उत्तर अद्याप आराखड्यांत पुरेसे उतरत नाही तो प्रश्न असा, की वाहिनी एकदा पुरली गेल्यावर जागची हलत नाही आणि तिच्यावरचा रस्ता मात्र रुंदावतो, उंचावतो, खोदला जातो, त्याच्या कडेला नवी गटारे येतात, आणि हे सर्व बहुधा वाहिनीला न विचारता घडते.

महाराष्ट्रात या विषयाची निकड गेल्या दोन-तीन दशकांत वाढत गेली आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या जाळ्याने मुंबईच्या रस्त्यांखाली वायू आणला. २०१३ मध्ये कार्यान्वित झालेली दाभोळ–बेंगळुरू वाहिनी कोकणातून सह्याद्री ओलांडून दख्खनवर चढली आणि तिची एक शाखा गोव्यात उतरली. मुंबई–नागपूर वाहिनीचा फार मोठा भाग तर समृद्धी महामार्गाच्या हद्दीतूनच नेण्यात आला. भारतात वाहिनीसाठी जमीन विकत घेतली जात नाही, तर १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी अधिनियमान्वये केवळ वापराचा हक्क संपादन केला जातो, म्हणजे जमीन शेतकऱ्याचीच राहते आणि तिच्याखालून वाहिनी नेण्याचा व तिची देखभाल करण्याचा अधिकार कंपनीला मिळतो. रस्त्याच्या हद्दीत मात्र वापराची परवानगी त्या रस्त्याच्या धन्याकडून, मग तो राष्ट्रीय महामार्ग असो, सार्वजनिक बांधकाम विभाग असो की ग्रामपंचायत असो, घ्यावी लागते, आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने ठरवून दिलेली तांत्रिक मानके पाळण्याची जबाबदारी वाहिनीच्या धन्यावर असते. एकाच घनमीटर मातीत अशा रीतीने दोन धनी, दोन नियमावल्या आणि वेगवेगळी आयुर्मर्यादा असलेली दोन बांधकामे एकमेकांवर येतात.

आराखड्याची सुरुवात रस्त्यापासून होत नाही, वायूच्या दाबापासून होते. नळाच्या आतला दाब नळाची भिंत बाहेर ढकलतो आणि त्यामुळे भिंतीत परिघाच्या दिशेने ओढ निर्माण होते. दर एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या या अंतर्गत ओढीला परिघीय प्रतिबल म्हणतात. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सांगते, की हे प्रतिबल म्हणजे दाब आणि बाह्य व्यास यांचा गुणाकार, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. पोलाद ज्या प्रतिबलाला कायमचे ताणले जाऊ लागते त्या मर्यादेच्या, म्हणजे यील्ड मर्यादेच्या, किती अंशापर्यंत हे प्रतिबल जाऊ द्यावे हे आराखडा गुणकाने ठरते, आणि हा गुणक परिसरातील वस्तीवर अवलंबून असतो: अमेरिकी मानक बी ३१.८ नुसार विरळ वस्तीत तो सर्वसाधारणपणे ०.७२, त्याहून दाट वस्तीत ०.६०, उपनगरी वस्तीत ०.५० आणि बहुमजली इमारतींच्या दाट भागात ०.४० धरतात. पक्क्या सार्वजनिक रस्त्याखाली केसिंगशिवाय, म्हणजे बाहेरच्या संरक्षक नळाशिवाय, जाताना विरळ वस्तीतही गुणक ०.६० वर आणला जातो. याचा अर्थ आकड्यांत पाहायचा, तर ६१० मिलिमीटर व्यासाच्या, ४४८ मेगापास्कल यील्ड मर्यादेच्या (व्यवसायात ‘एक्स-६५’ म्हणतात त्या) पोलादाच्या आणि ९० बार दाबाच्या वाहिनीला मोकळ्या रानात सुमारे ८.५ मिलिमीटर जाडी पुरते, रस्त्याखाली ती १०.२ मिलिमीटर लागते आणि उपनगरात १२.३ मिलिमीटरपर्यंत जाते. क्रॉसिंगवरचा जाड नळ पुष्कळांना चाकांच्या भाराचे उत्तर वाटतो. वस्तुतः ती वाढीव जाडी मुख्यतः परिणामांचे उत्तर आहे, कारण रस्त्याखाली नळ फुटला तर वर माणसे असतात.

मातीच्या आणि चाकांच्या भाराचा शास्त्रीय विचार अमेरिकेतील आयोवा राज्यात सुरू झाला. तेथील अ‍ॅन्सन मार्स्टन यांनी १९१३ मध्ये चरात पुरलेल्या नळांवर येणाऱ्या मातीच्या भाराचा सिद्धांत मांडला. भरावाची माती बसू लागली की चराच्या भिंतींशी होणारे घर्षण तिचे काही वजन उचलून धरते, त्यामुळे नळावर वरच्या मातीच्या पूर्ण स्तंभाचे वजन येतेच असे नाही, हा त्यातला गाभा. त्यांचे शिष्य मर्लिन स्पँगलर यांनी १९४१ मध्ये लवचीक नळांचा विचार पुढे नेला आणि दाखवून दिले, की पातळ भिंतीचा नळ वरच्या भाराखाली किंचित चपटा होऊन दोन्ही बाजूंच्या मातीवर रेलतो, आणि त्या बाजूच्या मातीचा विरोध हाच त्याच्या सामर्थ्याचा मोठा भाग असतो. कठीण मातीच्या किंवा काँक्रीटच्या नळाला हे लागू नाही, कारण तो वाकण्याआधी तडकतो. पोलादी वाहिनीच्या संदर्भात या निष्कर्षाचे महत्त्व असे, की नळाच्या कुशीतला भराव नीट चोपलेला आहे की नाही, ही गोष्ट आराखड्याच्या कागदावर एखाद्या गुणांकाच्या रूपाने येते आणि प्रत्यक्षात ती चरात उतरून काम करणाऱ्या मजुरांच्या हातांवर अवलंबून असते.

चाकाचा भार मातीत कसा पसरतो याचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिनेस्क यांनी १८८५ मध्ये दिले. त्यांच्या सूत्रानुसार एका बिंदूवरील भाराचा थेट खालचा दाब खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सुमारे ५३ किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण साडेपाच टनांचा, चाकाचा भार घेतला तर टायरखाली रस्त्यावर पावणेसहाशे किलोपास्कलच्या आसपास असलेला दाब ०.९ मीटर खोलीवर ३१, १.२ मीटरवर १८ आणि २ मीटरवर जेमतेम ६ किलोपास्कल उरतो. मातीचे वजन मात्र खोलीबरोबर सरळ वाढते, आणि घनमीटरला १८ किलोन्यूटन धरल्यास १.२ मीटरवर सुमारे २२ आणि २ मीटरवर ३६ किलोपास्कल होते. हे आकडे शेजारी ठेवले, की क्रॉसिंगसाठी किमान १.२ मीटर आवरण का मागितले जाते हे उमगते: त्याहून उथळ गेल्यास चाकांचा वाटा झपाट्याने चढतो, आणि त्याहून खोल जाण्याचा भाराच्या दृष्टीने होणारा फायदा मातीच्या वजनाने हळूहळू गिळला जातो. चालत्या वाहनाचा हादरा धरण्यासाठी चाकाचा भार दीडपट करतात, तरीही १.२ मीटरवरचा आकडा २७ किलोपास्कलच्या आतबाहेरच राहतो. नळाच्या आत ९० बार, म्हणजे ९,००० किलोपास्कल, दाब असतो, याच्याशी त्याची तुलना केली म्हणजे चाकांच्या एकवार भाराची भीती किती अनाठायी आहे ते दिसते. आतला दाब नळाला गोलाई देऊन उलट ताठ ठेवतो. बाहेरच्या भाराने चपटे होण्याची शक्यता खऱ्या अर्थाने विचारात घ्यावी लागते ती वाहिनी दुरुस्तीसाठी रिकामी केलेली असताना.

चाकांचे खरे काम वेगळे आहे, आणि ते एकदाच्या वजनाने होत नसून पुन्हा पुन्हा येण्याने होते. प्रत्येक आसाबरोबर नळाच्या भिंतीतले प्रतिबल किंचित वाढते आणि लगेच पूर्ववत होते. वर्दळीच्या महामार्गावर हे आवर्तन वाहिनीच्या आयुष्यात कोट्यवधी वेळा होते. तार हाताने वारंवार वाकवली की अखेर तुटते, त्याच जातीची ही क्रिया असून तिला धातूची श्रांती म्हणतात, आणि ती प्रथम नळाच्या अंगात न होता जोडांत, म्हणजे दोन नळ एकमेकांना जोडणाऱ्या परिघीय वेल्डमध्ये किंवा नळाच्या लांबीच्या शिवणीत, होते. अमेरिकेत रेल्वेखालच्या क्रॉसिंगसाठी पहिली नियमावली १९३४ मध्ये निघाली होती, पण ती त्या काळच्या लहान नळांच्या अनुभवावर बेतलेली होती. १९८० च्या दशकात वायुउद्योगाच्या संशोधन संस्थेने कॉर्नेल विद्यापीठाकडे हा प्रश्न सोपवला. अँथनी इंग्राफिया, थॉमस ओ’रूर्क आणि हॅरी स्ट्युअर्ट यांच्या नेतृत्वाखाली तेथे संगणकीय विश्लेषण झाले, कोलोरॅडोतील प्वेब्लो येथील रेल्वे चाचणीमार्गाखाली प्रत्यक्ष नळ पुरून मोजमापे घेण्यात आली, आणि त्यावर आधारलेली शिफारस-संहिता अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९९३ मध्ये आर.पी. ११०२ या क्रमांकाने सुधारून प्रसिद्ध केली. आजही जगभर, भारतातही, क्रॉसिंगचा हिशेब प्रामुख्याने तिच्याच आधाराने होतो. तिची रचना सुबोध आहे: आतला दाब, मातीचे वजन आणि चाकांचे आवर्ती भार यांची प्रतिबले वेगवेगळी काढायची, ती एकत्र करून येणारे समतुल्य प्रतिबल यील्ड मर्यादेच्या ठरावीक अंशात राहते का ते पाहायचे, आणि मग केवळ चाकांमुळे होणारा चढउतार वेल्डच्या श्रांतिमर्यादेखाली आहे का ते स्वतंत्रपणे तपासायचे. परिघीय वेल्डसाठी ही मर्यादा, आराखडा गुणक लावण्यापूर्वी, सुमारे ८३ मेगापास्कल आहे. पोलाद कितीही उच्च प्रतीचे असले तरी ती बदलत नाही, कारण श्रांती पोलादाच्या प्रतीवर नव्हे, तर वेल्डच्या आकारावर व त्यातल्या सूक्ष्म दोषांवर अवलंबून असते. उच्च प्रतीचे पोलाद वापरून भिंत पातळ करण्याचा मोह याच ठिकाणी आवरावा लागतो.

या संहितेचा भारतात उपयोग करताना एक बाब फार जपून पाहावी लागते, आणि ती अनेक आराखड्यांत दुर्लक्षिली जाते. संहितेने सुचवलेले चाकाचे भार एकेरी आसासाठी १२,००० पौंड आणि जोडआसासाठी दर चाकाला १०,००० पौंड, म्हणजे अनुक्रमे सुमारे ५.४ व ४.५ टन आहेत. हे आकडे ज्या आसभारांवरून आले ते २४,००० आणि ४०,००० पौंडांचे असून अमेरिकेच्या संघीय कायद्यातील २०,००० व ३४,००० पौंडांच्या मर्यादेहून जवळजवळ एकपंचमांशाने मोठे आहेत. अर्थात तेथील अभियंत्याला हे आकडे जसेच्या तसे वापरताना कायदेशीर भारापलीकडचा एक वाढावा आपोआप मिळतो. भारतात २०१८ च्या जुलैमध्ये आसभाराची मर्यादा वाढवण्यात आली आणि चार टायरांच्या एकेरी आसाला १०.२ ऐवजी ११.५ टन, तर आठ टायरांच्या जोडआसाला १९ ऐवजी २१ टन परवानगी मिळाली. चाकावार हिशेब केला तर हे भार ५.७५ आणि ५.२५ टन होतात, म्हणजे जोडआसाच्या बाबतीत संहितेच्या आकड्याहून सुमारे १६ टक्क्यांनी अधिक. वाढावा तर गेलाच, पण कायद्याने चालणारे वाहनच आराखड्यातल्या वाहनाहून जड ठरले. आणि वाळू, खडी, ऊस वाहणाऱ्या गाड्या कायद्याच्या मर्यादेत भरतात असे ज्याने भारतीय रस्ते पाहिले आहेत तो म्हणणार नाही. संहितेत स्थानिक भार घालण्याची मोकळीक आहे आणि ती वापरली तर हिशेब बहुधा तरीही निभावतो. प्रश्न निभावण्याचा नसून, परक्या देशाच्या रस्त्यावरचा ट्रक आपल्या वाहिनीवर चालवून पाहण्याच्या सवयीचा आहे.

क्रॉसिंगच्या इतिहासातला सर्वांत दीर्घ वाद केसिंगचा आहे. वायू वाहणारा नळ, ज्याला कॅरिअर पाईप म्हणतात, तो रस्त्याखाली त्याहून मोठ्या व्यासाच्या पोलादी नळातून सरकवायचा, दोहोंमध्ये विद्युतरोधक स्पेसर बसवायचे, दोन्ही टोके सीलबंद करायची आणि मधल्या पोकळीतून गळालेला वायू सुरक्षित बाहेर पडावा म्हणून टोकांपाशी वायुवीजन नळ्या उभ्या करायच्या, ही केसिंगची रीत. पूर्वी नळांचे जोड आजच्याइतके खात्रीचे नव्हते तेव्हा तिला सबळ कारण होते. मातीचा व चाकांचा भार केसिंग पेलते, गळती झाली तर ती रस्त्याच्या भरावात शिरत नाही, आणि रस्ता न फोडता आतला नळ बदलता येतो. रेल्वे आणि महामार्गांच्या अधिकाऱ्यांना ही व्यवस्था आजही भावते, कारण त्यांच्या दृष्टीने केसिंग हे त्यांच्या बांधकामाचे संरक्षण आहे.

नळाच्या दृष्टीने मात्र चित्र उलटे आहे. पुरलेल्या पोलादाला गंजण्यापासून वाचवण्यासाठी त्यावर पॉलिएथिलीनचे तिपदरी कोटिंग असते आणि त्याच्या जोडीला कॅथोडिक संरक्षण, म्हणजे मातीतून नळाकडे सतत वाहवलेला अल्प विद्युतप्रवाह. नळाचे विभव तांबे–मोरचूद संदर्भ विद्युतअग्राच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्टपेक्षा अधिक ऋण ठेवले, की पोलादाचे क्षरण जवळजवळ थांबते. केसिंग या प्रवाहाच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. सील कालांतराने झिजतात, पोकळीत पाणी व चिखल शिरतो, वजनाने स्पेसर दबून कॅरिअर पाईप केसिंगला टेकतो, आणि धातूला धातू लागला की संरक्षक प्रवाह नळाऐवजी केसिंगवर खर्च होऊ लागतो. ज्या ठिकाणी नळ सर्वाधिक सुरक्षित असावा असे वाटते तेथेच तो सर्वाधिक असंरक्षित राहतो, आणि तो उघडून पाहणेही सर्वांत अवघड असते. म्हणूनच गेल्या काही दशकांत वाहिनी-अभियंत्यांचे मत केसिंग टाळून जाड भिंतीचा, उत्तम कोटिंगचा, सर्व वेल्ड रेडिओग्राफीने तपासलेला आणि पुरण्यापूर्वी पाण्याच्या दाबाने स्वतंत्रपणे चाचणी घेतलेला नळ सरळ मातीत ठेवण्याकडे झुकले आहे. प्रस्तुत ग्रंथही याच मताचा आहे. जेथे रस्त्याच्या धन्याच्या अटीमुळे केसिंग टाळता येत नाही तेथे पोकळी मेण किंवा जेलने भरणे आणि केसिंग व नळ यांच्यातील विभवांतर नियमित मोजणे हा कमीत कमी उपाय आहे.

रस्त्याखाली नळ नेण्याच्या पद्धतींपैकी उघडा चर खणण्याची पद्धत सर्वांत जुनी असून लहान रस्त्यांवर ती आजही चालते. महामार्गाखाली मात्र वाहतूक न थांबवता, दोन्ही बाजूंना खड्डे घेऊन ऑगर यंत्राने आडवे छिद्र पाडतात, किंवा आडवे दिशादर्शी छिद्रण करतात, ज्याला सर्वत्र एचडीडी या नावानेच ओळखले जाते. मार्टिन चेरिंग्टन यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पाहारो नदीखालून वायुवाहिनी नेताना या तंत्राचा पाया घातला. यात आधी बारीक मार्गदर्शक छिद्र वक्राकार नेतात, मग बेंटोनाइट चिकणमातीच्या गाऱ्यात ते रुंद करतात आणि शेवटी आधीच वेल्ड करून ठेवलेली नळांची माळ एकसंध आत ओढतात. अशा क्रॉसिंगमध्ये नळ रस्त्याखाली कित्येक मीटर खोल असल्याने चाकांचा भार नगण्य होतो आणि आराखड्याचा रोख पूर्णपणे बदलतो: ओढतानाचा ताण, वक्रामुळे येणारे वाकण्याचे प्रतिबल, गाऱ्याचा बाहेरचा दाब, आणि खडकावर घासून कोटिंगला होणारी इजा. वक्राची त्रिज्या व्यासाच्या १,२०० पट ठेवण्याचा प्रघात आहे आणि तेवढ्यानेही पोलादात कायम राहणारे सुमारे ८६ मेगापास्कल प्रतिबल येते, जे रस्त्यावरच्या कोणत्याही ट्रकच्या देणगीपेक्षा मोठे आहे. म्हणूनच खोल गेले की सुटलो, ही समजूत धरून चालत नाही.

महाराष्ट्राच्या भूमीत या पद्धतींची परीक्षा दोन टोकांनी होते. सह्याद्रीत व घाटमाथ्यावर बेसाल्टचे थर एकजिनसी नसतात. अखंड काळ्या कातळाखाली सच्छिद्र थर, त्यांच्यामध्ये तांबड्या मातीचे पट्टे, आणि माथ्यावरच्या मुरमात न कुजलेले गोटे अडकलेले असतात, ज्यांच्यामुळे छिद्रणाचे टोक हमखास वाट सोडते. विदर्भ-मराठवाड्यात याच्या उलट अडचण आहे. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पण रस्त्याखालच्या मातीपर्यंत ना पाऊस नीट पोहोचतो ना ऊन, त्यामुळे तिचा ओलावा वर्षभर जवळजवळ स्थिर राहतो. परिणामी रस्त्याच्या मध्याखाली नळ स्थिर असतो आणि साइडपट्टीच्या बाहेर तो दरवर्षी उचलला व खाली सोडला जातो, आणि या दोहोंच्या सीमेवर, म्हणजे रस्त्याच्या कडेखाली, तो वाकतो. क्षरणाची गोष्टही याच सीमेची आहे: डांबराखालच्या मातीत प्राणवायू कमी आणि बाहेरच्या मोकळ्या मातीत अधिक, या फरकाने एकाच नळावर विद्युतरासायनिक घट तयार होतो आणि कमी प्राणवायूच्या भागातले पोलाद झिजू लागते. आर.पी. ११०२ मध्ये यातले काहीच येत नाही, कारण तिचा विषय भार आहे. निवडक मुरमाचा किंवा वाळूचा भराव रस्त्याच्या हद्दीवर न थांबवता पलीकडे काही मीटर न्यावा, ही साधी तरतूद आराखड्यात आवर्जून लिहावी लागते.

शहरांतील घरगुती पुरवठ्याच्या पॉलिएथिलीन नळांचा दाब साधारण ४ बारपर्यंतच असल्याने त्यांचा विचार येथे थोडक्यात केला आहे. त्यांना गंज लागत नाही आणि श्रांतीचाही प्रश्न गौण असतो, पण खणणाऱ्या यंत्राच्या दातापुढे ते पोलादापेक्षा कितीतरी दुबळे आहेत.

डांबर आणि काँक्रीट वायूच्या गळतीचे स्वरूपही बदलतात. नैसर्गिक वायूतला मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे मोकळ्या रानात गळालेला वायू वर निघून जातो. रस्त्याखाली तो वर जाऊ शकत नाही म्हणून आडवा पसरतो आणि केबलींचे डक्ट, सांडपाण्याचे नळ व जुने भराव यांच्या वाटेने इमारतींच्या तळघरांपर्यंत पोहोचतो, जेथे हवेतले त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की ठिणगी पुरते. भूमिगत वाहिन्यांच्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या तर चाकांखाली नळ चिरडला गेल्याची उदाहरणे शोधावी लागतात, आणि शेजाराने घात केल्याची उदाहरणे समोर उभी राहतात. तैवानमधील काओसियुंग शहरात ३१ जुलै २०१४ च्या रात्री प्रोपीन वायू रस्त्याखालच्या नाल्यांत पसरून स्फोट झाले, कित्येक किलोमीटर रस्ते उखडले गेले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. तपासात दिसले, की पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या चौकोनी मोरीने तेथील नळाला आपल्या पोटात घेतले होते, त्यामुळे तो मातीऐवजी दमट हवेत लोंबकळत राहिला, कॅथोडिक संरक्षणाला मुकला आणि गंजून गेला. त्याआधी आठच महिने, २२ नोव्हेंबर २०१३ रोजी, चीनमधील चिंगदाओ येथे गंजलेल्या वाहिनीतून गळालेले खनिज तेल रस्त्याखालच्या गटारात शिरले आणि दुरुस्तीसाठी काँक्रीट फोडताना उडालेल्या ठिणगीने झालेल्या स्फोटात ६२ जण दगावले. या दोन्ही ठिकाणी नैसर्गिक वायू नव्हता, पण वाहिनी आणि गटार एकमेकांना छेदतात तो बिंदू दोहोंत समान आहे, आणि वायुवाहिनीच्या क्रॉसिंगवर असे बिंदू प्रत्येक कडेला एक याप्रमाणे असतात. ९ सप्टेंबर २०१० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो या उपनगरात १९५६ मध्ये पुरलेली ३० इंची वायुवाहिनी रस्त्यांच्या चौकाखाली फुटली, ८ जणांचा बळी गेला, आणि वायू थांबवायला ९५ मिनिटे लागली. तेथे रस्त्याचा दोष नव्हता. शिवणीचा वेल्ड मुळातच सदोष होता. परंतु कंपनीच्या दप्तरात तो नळ बिनशिवणीचा म्हणून नोंदलेला होता, आणि ज्या नळाला कागदावर शिवणच नाही त्याची शिवण तपासण्याचा विचार पन्नास वर्षांत कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

या घटनांच्या उजेडात आराखड्याकडे पाहिले, की त्यातल्या काही जुन्या, रुक्ष वाटणाऱ्या नियमांना वेगळा अर्थ येतो. वाहिनीने रस्ता शक्यतो काटकोनात ओलांडावा आणि कोन ३० अंशांहून कमी असू नये हा नियम भाराच्या गणितापेक्षा, रस्ता व वाहिनी यांचा सहवास कमीत कमी लांबीचा असावा म्हणून आहे. जाड भिंतीचा नळ आजच्या रस्त्याच्या कडांपर्यंत न ठेवता संपादित हद्दीच्या पूर्ण रुंदीपर्यंत, आणि दुपदरीचा चौपदरी होण्याची शक्यता असेल तेथे त्याहीपलीकडे, न्यावा लागतो. मुंबई–गोवा महामार्गासारखे रुंदीकरण ज्या वाहिन्यांच्या वाटेत आले, तेथे नव्या मार्गिकेखाली शेताच्या हिशेबाने काढलेला पातळ नळ सापडण्याचा धोका नेमका या दूरदृष्टीअभावी निर्माण होतो. भावी गटारासाठी नळाच्या माथ्यावर अंतर राखावे लागते, इशाऱ्याची पट्टी नळाच्या वर पुरेशा उंचीवर घालावी लागते म्हणजे खोदणाऱ्याला नळाआधी ती लागते, आणि मार्गदर्शक खांब अशा जागी रोवावे लागतात की रस्ता रुंदावताना ते पहिल्याच दिवशी उपटून टाकले जाणार नाहीत. यांपैकी एकाही गोष्टीला सूत्र नाही.

खोलीची नोंद हे याचे सर्वांत बोलके उदाहरण ठरेल. पूर्णत्वाच्या नकाशांवर ‘रस्त्याच्या पृष्ठभागापासून १.२ मीटर’ असे लिहिण्याची पद्धत आहे, आणि ज्या दिवशी ते लिहिले जाते त्या दिवशी ते खरे असते; पण डांबराचे दोन-तीन थर चढले की तोच नळ दीड मीटरवर जातो, चढ कापून रस्ता खाली घेतला की पाऊण मीटरवर येतो, आणि एचडीडीच्या वक्रात तर ती खोली प्रत्येक मीटरला वेगळी असते. म्हणून या ग्रंथातील सर्व सोडवलेल्या उदाहरणांत नळाच्या माथ्याची पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भाने, जवळच्या स्थिर तलचिन्हाचा उल्लेख करून दिलेली आहे, भौगोलिक निर्देशांक तिच्याबरोबर नोंदलेले आहेत, आणि त्या नोंदीची एक प्रत वाहिनीच्या कार्यालयात तर दुसरी रस्त्याच्या कार्यालयात राहील असे गृहीत धरून, पुढच्या रुंदीकरणाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याला तिच्यावरून भाराचा हिशेब नव्याने मांडता यावा अशी आकडेमोड पायरीपायरीने उघडी ठेवलेली आहे.